आजोबांची जीप: आधी नंबर, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, घराच्या पडवीत आजोबांची जीप 1998 पासून उभी आहे. लष्कराच्या लिलावातली म्हणून त्यांनी ती साठच्या दशकात घेतली होती. घरात सगळे तिला ‘लढाईतली जीप’ म्हणतात. आजोबांनी तिला राखाडी रंग दिला होता. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेल इंजिन बसवून घेतलं. मूळ इंजिन गोठ्यात पोत्यांखाली आहे. आर. सी. बुक आजोबांच्याच नावावर आहे आणि ते आता नाहीत. मी 38 वर्षांची, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली, चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शनिवार-रविवार गावी जाऊन ही जीप स्वतःच्या हातानं पुन्हा उभी करायची आहे : ऑलिव्ह ग्रीन रंग, बॉनेटवर पांढरा तारा, अगदी युद्धातल्यासारखी. भाऊ म्हणतो, भंगारात घाल, जागा तरी मोकळी होईल. वडील 76 वर्षांचे आहेत. ही जीप तेच चालवायचे, पण या विषयावर ते काहीच बोलत नाहीत. सुरुवात कुठून करू? मूळ इंजिन परत बसवू का? आणि ऑइल कोणतं घालू? जीपचे फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर :

ताई,

जीप भंगारात घालू नका. भावाला हे माझ्याकडून सांगा. तुम्हालाही एक सांगणं आहे : या शनिवारी गावी जाल तेव्हा पान्याला हात लावू नका. टॉर्च, वही, थोडं डिझेल, जुनं फडकं आणि नायलॉनचा ब्रश एवढंच सोबत न्या. पहिलं काम आहे ही गाडी नेमकी कोणती, हे ओळखण्याचं.

फोटोत ग्रिलला नऊ फटी दिसतात आणि मागे उघडणारा फाळका नाही. दोन्ही खुणा दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या आहेत. नंतरच्या नागरी जीपना सात फटी असतात आणि मागे फाळका असतो. पण ग्रिल आणि बॉडी बदलता येते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. रेडिएटरच्या खाली वाकून चासीची सगळ्यात पुढची आडवी पट्टी बघा. गोल पाइप असेल तर गाडी विलिस कंपनीची, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डची. 1940 साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांना ताकद मिळणारी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीनं दिला, पण लाखांनी गाड्या बनवण्याचा आवाका तिचा नव्हता. ते काम विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. विलिसची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे त्यातल्या पुष्कळ भारतात आल्या आणि युद्धानंतर इथेच राहिल्या. तुमच्या आजोबांची बहुधा त्यांच्यापैकीच एक.

आता नंबर. विलिसचा चासी नंबर डाव्या चासीच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, रिव्हेटनं बसवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या चासीच्या वरच्या तोंडावर थेट ठोकलेला असतो. फोर्डची असेल तर बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ अक्षर सापडेल. असे बोल्ट एकही फेकू नका. नंबराच्या जागी ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको. डिझेलच्या फडक्यानं चिखल आणि गंज हळूहळू भिजवून काढा, मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या. आरटीओत त्याला चासी प्रिंट म्हणतात आणि ती तुम्हाला लागणारच आहे. घाईत ग्राइंडर फिरवून नंबर पुसट झालेली गाडी पुढे कागदावर उभी करणं फार जिकिरीचं होतं. तो नंबर म्हणजे या जीपचा जन्मदाखला आहे.

छाप आणि आर. सी. बुकातला नंबर जुळला की दुसरं काम, आणि ते घरातलं आहे. जीप अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे कायद्यानं ती सगळ्या वारसांची आहे. तुम्ही पैसे आणि शनिवार-रविवार घालणार, आणि उद्या गाडी उभी राहिल्यावर तिची किंमत वाढली की कुणीतरी वाटा विचारणार. असं होतं, चांगल्या घरांतही होतं. म्हणून पहिला रुपया खर्च करण्याआधी वडील, भाऊ, आत्या असतील तर त्याही, अशा सगळ्यांची लेखी संमती घ्या. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. इतकी जुनी नोंद बहुतेक वेळा संगणकात नसते, म्हणून आरटीओत आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागेल. आजोबांच्या ट्रंकेत लिलावाची पावती मिळते का, तेही बघा. तो कागद मिळाला तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि कचेरीत त्याची झेरॉक्सच द्या.

नोंदणीच्या दोन वाटा आहेत. एक, जुनीच नोंदणी नूतनीकरण करून घेणं. दुसरी 2021 साली आलेली व्हिंटेज नोंदणी. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी तिथे चालते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढे 5,000 रुपयांत 5 वर्षांसाठी नूतनीकरण. पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचा प्रवास, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढंच. वडिलांना शेजारी बसवून शिखर शिंगणापूरला जाण्याची इच्छा मनात असेल, तर पहिलीच वाट धरा. माझा कौल तिलाच आहे.

रंगाबद्दल. ही गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण मोकळेपणानं सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला 121 वा नियम म्हणतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. रॅलीत हिरव्या जीप दिसतात म्हणून तो नियम गेला असं होत नाही. अडवलं तर तुम्हाला अडवतील, आणि तेव्हा शेजारी वडील बसलेले असतील. लष्करी पद्धतीची नंबरप्लेट, युनिटच्या खुणा, खोटी मशिनगन यांचंही तेच. यातलं काहीही करू नका.

नियम बाजूला ठेवला तरी माझं मत बदलत नाही. ही जीप युद्धात असलीच तर तीन-चार वर्षं असेल. तुमच्या घरात ती तीस वर्षांहून जास्त राबली. आजोबांनी तिला राखाडी रंग दिला, तिच्यातून बी-बियाणं आणलं असेल, बाळंतिणीला दवाखान्यात नेलं असेल, वरात काढली असेल. तुम्हाला परत आणायची आहे ती कोणती जीप? अमेरिकी तारा लावला की ती सिनेमातल्या हजार जीपसारखी दिसेल. राखाडी रंगात तालुक्यातली जुनी माणसं तिला लांबून ओळखतील. मला विचाराल तर राखाडीच ठेवा. आर. सी. वर रंगाची नोंद काय आहे तेही बघा, म्हणजे रंगबदलाचा वेगळा अर्ज करावा लागणार नाही.

आणि लष्करी खुणा पुसू नका, जपा. डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, टूलबॉक्सच्या आत तळहाताएवढ्या जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अलगद घासा. राखाडीखाली हिरवा थर निघेल. बॉनेटच्या बाजूला घासताना तर फारच सावकाश, कारण तिथे जुन्या लष्करी आकड्यांची ओळ मिळू शकते. मिळाली तर फोटो काढा, मोजपट्टीनं जागा टिपा आणि आकडे लिहून ठेवा. डॅशच्या मागचा मूळ हिरवा तुकडा तसाच राखून त्यावर मेणाचा हात द्या. एक खबरदारी मात्र घ्या. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, मास्कशिवाय घासायचं नाही, आणि त्या वेळी पडवीत लहान मुलं नकोत.

आता पाना हातात घ्या. आधी पाना तरी योग्य हवा. कंपनीतले मिलिमीटरचे पाने इथे बसणार नाहीत. ही गाडी इंचाची आहे, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री जे सुतात मोजतात ते. इंची पान्यांचा एक चांगला संच विकत घ्या. नट बसत नाही म्हणून मिलिमीटरचा बोल्ट दाबून घालाल तर आटे जातील. आणि डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांवर ताकद लावण्याआधी थांबा. या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, नेहमीच्या उलट दिशेनं फिरवल्यावर सुटतात. हे ठाऊक नसल्यामुळे पाइप लावून कित्येकांनी स्टड तोडले आहेत.

चाकांतच एक जिवावरचा धोका आहे. काही लष्करी जीपना दोन अर्ध्या भागांची, नट-बोल्टनं जोडलेली रिम असते. हबच्या नटांच्या बाहेर नटांचं दुसरं वर्तुळ दिसलं की ती तीच रिम समजा. टायरमध्ये हवा असताना ते बाहेरचे नट सैल केले तर रिमचे दोन भाग बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पाना. गावातल्या पंक्चरवाल्यालाही हे समजावून सांगा, कारण त्यानं अशी रिम आयुष्यात पाहिली नसेल.

गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. चार घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घ्या, आणि पडवीची जमीन मातीची असेल तर घोडीखाली जाड फळी द्या. एकटीनं गाडीखाली काम करायचं नाही, निदान हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं.

इंजिनाआधी ब्रेक. प्रत्येकाला आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो, मला ती ओढ कळते. पण चालू होणारी आणि न थांबणारी जीप घरात असणं फार वाईट. या जीपचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत, पण सगळे एकाच सर्किटवर. एका चाकाचा सिलिंडर गळला तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेले पाइप यातलं काही ‘चालेल’ म्हणून ठेवू नका. सगळं नवं किंवा नव्यासारखं करा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. पाणी शिंपडून, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर काम करतो. तिथलं सील गळलं की ड्रमवर ऑइल येतं आणि हँडब्रेक नुसता नावापुरता राहतो. त्यामुळे चाकांना ओंडका लावायची सवय ठेवा.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती गळत असली तरी तिला वेल्डिंग किंवा गॅसचा डाग देऊ नका. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या टाकीतही वाफ दबून राहते आणि ठिणगीनं भडकते. हे काम रेडिएटर आणि टाक्या दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या.

मूळ इंजिन परत बसवायचं का? माझं उत्तर हो, पण आधी आर. सी. बघून. त्यावर इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर जुनाच असेल, म्हणजे डिझेलची नोंद कधी झालीच नसेल, तर मूळ इंजिन बसवल्यावर गाडी कागदाशीही जुळते. डिझेल इंजिन नोंदवलेलं असेल तर परत बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. दुसरं कारण वजनाचं. डिझेल इंजिन जड असतं, त्यानं पुढच्या कमानी (स्प्रिंग) बसतात आणि माउंटिंगपाशी चासीला तडे जातात. ते तडे नीट शोधा. वेल्डिंगचे जुने जाड ठिगळ दिसले की त्यांच्या शेजारी हमखास नवा तडा असतो. डिझेल बसवताना त्या वेळच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्सही बदलला असू शकतो, तेव्हा गोठ्यात इंजिनासोबत मूळ गिअरबॉक्स आहे का, तेही पोती उचलून बघा.

ते इंजिन ‘गो डेव्हिल’ नावानं प्रसिद्ध आहे. चार सिलिंडर, 2.2 लिटर, 60 अश्वशक्ती. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला. हेड म्हणजे नुसतं झाकण. त्यामुळे हे इंजिन घरच्या कामाला सोपं आहे. पण इतकी वर्षं पडलेलं इंजिन हँडलनं जोर लावून फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल आणि डिझेलचं मिश्रण ओता, आठवडाभर मुरू द्या, मग क्रँक हळूच हलवून बघा. हललं तरी त्याच दिवशी सुरू करायच्या मागे लागू नका, हेड उघडाच. ब्लॉकमध्ये व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारा तडा आहे का, ते बारकाईनं बघा. इथे तुमची नोकरी तुमच्या कामाला येईल. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 3.125 इंच, म्हणजे 79.375 मिलिमीटर. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजा, आकडे वहीत लिहा. नुसतं बोट फिरवून ‘बोअरिंग करावं लागेल’ म्हणणाऱ्या माणसापेक्षा तुमची ती वही खरी. बोअरिंग करायचंच ठरलं तर आधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घ्या, मगच ब्लॉक लेथवाल्याकडे न्या. पिस्टन मूळ मापाहून 20, 30 की 40 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठे मिळतात, त्यावर बोअर ठरतो.

सुट्या भागांची फार धास्ती घेऊ नका. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्यांच्या जीपमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं हरिकेन इंजिन याच घराण्यातलं. बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तेच, फक्त इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला. म्हणून साताऱ्या-पुण्यातल्या जुन्या मिस्त्र्यांना तुमचं इंजिन परकं वाटणार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला चक्कर मारा, पण जुना भाग हातात घेऊन जा आणि शेजारी ठेवून मापून घ्या. ‘विलिसचं ओरिजिनल’ म्हणून सगळंच विकलं जातं. मिस्त्री कोण निवडावा? तुम्हाला शेजारी उभं राहू देतो तो. बाई गाडीखाली जाते म्हणून तोंड वाकडं करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आजच्या पेट्रोलची एक अडचण आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे ऑक्टेनची काळजी नाही. पण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर आणि फ्युएल पंपाचा पडदा खातं. होज आणि पडदा इथेनॉल सोसणारे घ्या, आणि महिनोन् महिने टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. वायरिंग मूळचं 6 व्होल्टचं असतं. ते 12 व्होल्टचं झालेलं असेल तर राहू द्या, त्यात गाडीच्या इभ्रतीला काही कमी येत नाही. मात्र वायरी नव्या ओढा आणि फ्यूज घाला.

बॉडीकडे शेवटी वळा. सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो आणि बहुतेक घरगुती कामं तिथेच थांबतात, कारण लोक बॉडीपासून सुरुवात करतात, सांगाडा उघडा पडतो आणि उत्साह संपतो. तुमच्या जीपच्या तळाखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत. त्यांच्या आत लाकूड असतं, ते ओल धरतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून फरशी धड दिसली तरी खालून स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. कुजलेला तेवढा तुकडा कापून नवा पत्रा लावा. फिलिपीन्समध्ये बनलेली नवी अख्खी बॉडी विकत मिळते, पण जुनी सावरण्यासारखी असेल तर तिलाच सावरा.

वडील बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ‘जीप दुरुस्त करू का?’ असं विचारू नका, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. त्यांना विचारा, तिसरा गिअर आपोआप सुटायचा का? चढावर गरम व्हायची का? ब्रेक मारला की कुठल्या बाजूला ओढायची? वर्षानुवर्षं चालवलेल्या माणसाला हे सगळं हातांत ठाऊक असतं, आणि तुम्हाला ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्यांची उत्तरं त्याच वहीत लिहा, खरोखर कामाला येतील. पहिला गिअर या जीपमध्ये सिंक्रोमेशशिवाय (गिअरचे वेग आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेशिवाय) असतो. चालत्या गाडीत तो टाकायचा तर दोनदा क्लच दाबून आणि मध्ये ॲक्सिलरेटर देऊन टाकावा लागतो. हे तुम्हाला कुणी शिकवू शकेल तर तेच. त्यांनी नाही म्हटलं, तर मात्र ते मान्य करा आणि कारण विचारा. कदाचित पैशांची काळजी असेल, कदाचित तुमच्या एकटीच्या प्रवासाची.

भावासाठीही एक तोडगा. त्याला जागेची अडचण आहे, आणि ती खरी आहे. ब्रेक आणि चाकं झाली की गाडी ढकलता येईल, मग ती पडवीच्या एका कडेला घ्या. पहिल्या टप्प्याचा खर्चही एवढाच ठरवा : कागद, चाकं, ब्रेक. तो पूर्ण झाल्यावर थांबून हिशेब करा, मगच इंजिनाला हात घाला. कर्ज काढून यातलं काहीही करू नका.

आणि ऑइल. इंजिनात 20 डब्ल्यू 50 चं साधं मिनरल ऑइल चालेल, सिंथेटिकची गरज नाही. इंजिन नव्यानं बांधल्यावर पहिलं ऑइल लवकर बदला, 500 किलोमीटरच्या आतच. गिअरबॉक्समध्ये 90 नंबरचं, पण डब्यावर जीएल-4 लिहिलेलं बघून घ्या. जीएल-5 मधली काही रसायनं आतल्या पितळी भागांना सोसत नाहीत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यातलं सील झिजलं की एकातलं ऑइल दुसऱ्यात जातं, तेव्हा लेव्हल दोन्हीकडची तपासत जा.